आकड्याला नाव हवे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)





या व्यासपीठावरून दरसाल शिक्षणाच्या महत्त्वाविषयी बोलले जाते आणि ते बोलले जावयासच हवे. यंदा मात्र संस्थेच्या चालकांनी मला एक वेगळी सूचना केली. ते म्हणाले, आपली मुले-मुली बी. कॉम. होतात, कॉम्प्युटरचा कोर्स पूर्ण करतात, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावतात. पण त्यापुढे काय करावयाचे हे त्यांना उमगत नाही. तेव्हा त्यांच्या उपयोगी पडेल असा एखादा व्यवहारातील विषय घ्या. म्हणून मी आज एक्सएमएल हा विषय घेतला आहे. नाव ऐकून दचकू नका. हा विषय मुळात हिशेबनिसाचा आहे, आणि ज्या घरात उधारीची वही आहे त्या घरातील प्रत्येकाला तो समजण्यासारखा आहे.

एकच बिल दोनदा का लिहावे?

समजा, भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखानदाराने कोल्हापूरच्या एका दुकानदाराला कापड पाठवले. कारखान्यातील कॉम्प्युटरवर बिल तयार झाले, कागदावर छापले गेले आणि मालाबरोबर रवाना झाले. कोल्हापुरात दुकानाच्या हिशेबनिसाने ते समोर ठेवले आणि त्यातील प्रत्येक आकडा पुन्हा आपल्या कॉम्प्युटरवर टाईप केला. म्हणजे एका यंत्रातील माहिती कागदावर उतरली आणि माणसाच्या बोटांवाटे दुसऱ्या यंत्रात चढली. या प्रवासात ६,५०० चे ५,६०० झाले, तर महिनाअखेरीस दोन्हीकडचे हिशेब जुळत नाहीत, फोनाफोनी होते, आणि प्रसंगी वर्षानुवर्षांच्या संबंधांत वितुष्ट येते.

तुम्ही म्हणाल, कागद कशाला, कारखानदाराने फाईलच पाठवावी. ठीक आहे. त्याने पुढील ओळ पाठवली असे धरा :

४१७, ०५-०४-२०२५, २६०, ४०, १०४००

पाठवणाऱ्याला यातील प्रत्येक आकडा पाठ आहे. घेणाऱ्याने काय समजावे? २६० हे मीटर आहेत की तागे? ०५-०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे? भारतात आपण पाच एप्रिल म्हणू, अमेरिकेतील माणूस चार मे म्हणेल. १०४०० मध्ये कर धरला आहे की नाही? शिवाय उद्या कारखानदाराने पत्त्यात एखादा स्वल्पविराम जादा टाकला, तर पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतील आणि दर रकमेच्या जागी जाऊन बसेल. आकडे बरोबर असूनही हिशेब चुकेल. याचे कारण एवढेच, की आकड्यांबरोबर त्यांची नावे गेली नाहीत.

आता हीच माहिती दुसऱ्या पद्धतीने लिहून पाहू :

<बीजक>
  <क्रमांक>४१७</क्रमांक>
  <दिनांक>२०२५-०४-०५</दिनांक>
  <माल>
    <नाव>ग्रे कापड</नाव>
    <परिमाण एकक="मीटर">२६०</परिमाण>
    <दर चलन="रुपये">४०</दर>
  </माल>
  <एकूण चलन="रुपये">१०४००</एकूण>
</बीजक>

हेच एक्सएमएल. कोनाकृती कंसातील नावाला टॅग म्हणतात. नावाने घर उघडते, आत माहिती बसते, आणि तिरकी रेघ घातलेल्या त्याच नावाने घर बंद होते. ट्रंकेत पेटी आणि पेटीत डबी ठेवावी, तसे बीजकात माल आणि मालात दर. परिमाणापुढे ‘मीटर’ आणि दरापुढे ‘रुपये’ हेही लिहिलेले आहे. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने असल्यामुळे पाच एप्रिल की चार मे हा प्रश्न उरत नाही. ज्याने तो कारखाना कधी पाहिला नाही, त्यालाही ही फाईल वाचता येते.

येथे टॅग मराठीत लिहिले आहेत ते केवळ तुमच्या सोयीसाठी, असे समजू नका. एक्सएमएल हे युनिकोडच्या पायावर उभे आहे. त्यामुळे देवनागरीतील टॅगही नियमांत बसतात. ही साधी गोष्ट नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसते, हा अनुभव छापखान्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाला असेल. तेथे अक्षर नुसते दिसण्यापुरते होते. ते कोणते अक्षर आहे हे यंत्राला ठाऊक नव्हते. युनिकोडने अक्षराला ओळख दिली आणि एक्सएमएलने आकड्याला नाव दिले.

ही कल्पना आली कोठून?

या कल्पनेच्या मुळाशी एक वकील आहे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. चार्ल्स गोल्डफार्ब यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. १९६९ साली आयबीएम कंपनीत त्यांच्यापुढे वकिलांच्या कचेऱ्यांतील कागदपत्रांचा प्रश्न आला. मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम एक, शोधण्याचा दुसरा, छापण्याचा तिसरा. आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. गोल्डफार्ब यांनी एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी या सहकाऱ्यांसह असा तोडगा काढला, की मजकुराचा प्रत्येक भाग कसा दिसावा हे लिहिण्याऐवजी तो काय आहे हे लिहावे. ‘हे मोठ्या टाइपात छापा’ याऐवजी ‘हा मथळा आहे’ असे सांगावे. या पद्धतीला त्यांनी जीएमएल हे नाव दिले. ही तीन अक्षरे तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही आहेत. पुढे तिचे वाढलेले रूप एसजीएमएल या नावाने १९८६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाले.

एसजीएमएल समर्थ होते, पण किचकट होते. इंटरनेटवर वापरता येईल असे त्याचे सुटसुटीत रूप तयार करण्याचे काम डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत जॉन बोसाक यांच्या पुढाकाराने सुरू झाले, आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. टिम ब्रे, जाँ पाओली आणि मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन हे तिचे संपादक होते.

त्याआधी व्यापारी कंपन्या एकमेकींना कॉम्प्युटरवरून बिले पाठवीत नव्हत्या असे नाही. १९८७ साली एडिफॅक्ट हे प्रमाण आलेच होते. परंतु त्यातील संदेश अधिक चिन्हे, विसर्गचिन्हे आणि सांकेतिक अक्षरे यांनी भरलेला असे. तो वाचावयास जाणकार लागे, आणि तो पाठवावयास बहुधा खासगी जाळ्याचे भाडे भरावे लागे. मोठ्या कारखान्यांना ते परवडे, लहान व्यापाऱ्याला परवडत नसे. एक्सएमएल ही मात्र साधी मजकुराची फाईल. ती कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडते, तिच्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही, आणि शिकण्यासाठी फी भरावी लागत नाही. ज्या समाजाकडे भांडवल कमी आणि कष्टाची तयारी जास्त, त्याने ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

शिस्त आणि करार

एक्सएमएलचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. सगळ्या माहितीभोवती बाहेरचे घर एकच असावे. उघडलेले प्रत्येक घर बंद व्हावे. आतले घर आधी बंद व्हावे, बाहेरचे नंतर. इंग्रजी टॅग असेल तर मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते. नियम मोडला तर वाचणारा प्रोग्राम ‘असे म्हणायचे असेल’ असा अंदाज बांधीत नाही. तो तेथेच थांबतो. पुष्कळ नवशिक्यांना हा जाच वाटतो. पण बँकेच्या रकमेबाबत यंत्राने अंदाज बांधावा, असे आपल्यापैकी कोणाला वाटेल?

व्यवहारातील एक उदाहरण सांगतो. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर ‘अमुक & सन्स’ असे लिहिण्याची पद्धत आहे. एक्सएमएलमध्ये & या चिन्हाला खास अर्थ आहे; त्याच्या जागी ठरावीक सांकेतिक अक्षरे लिहावी लागतात. ती न लिहिता दुकानाचे नाव जसेच्या तसे टाकले, की सगळी फाईल नामंजूर होते. तपासणारा दिवसभर आकडे तपासत बसतो आणि दोष पाटीवरच्या नावात असतो. ज्याला टॅगमागचे नियम ठाऊक आहेत तो पाच मिनिटांत हे शोधून काढतो. फक्त बटणे पाठ असलेला माणूस मात्र कंपनीच्या माणसाची वाट पाहत राहतो.

फाईल नियमाने लिहिली म्हणजे काम संपले नाही. बिलात कोणती घरे असलीच पाहिजेत, तारीख कशी लिहावी, रकमेच्या जागी अक्षरे चालतील काय, हे दोन्ही पक्षांनी आधी ठरवावे लागते. या ठरावाच्या दस्तऐवजाला स्कीमा म्हणतात. तो लिहिण्याचे प्रमाण २००१ साली प्रसिद्ध झाले. आपल्या भाषेत बोलायचे तर तो करारनामा आहे. फाईल आली की यंत्र ती करारनाम्याशी ताडून पाहते. दिनांक नसेल तर दारातूनच परत पाठवते. चूक हिशेबात शिरण्यापूर्वी पकडली जाते, हा त्याचा मोठा लाभ.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. एक्सएसएलटी नावाची एक जोडभाषा आहे. तिच्या साहाय्याने एकाच एक्सएमएल फाईलमधून छापण्याचे बिल, मोबाइलवर दिसणारे पान आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरला हव्या त्या चौकटीतील फाईल अशी तीन रूपे काढता येतात. माहिती एकदाच लिहायची, वापरायची अनेकदा. दुसरे असे, की एक्सएमएल हे देवाणघेवाणीचे आणि जपणुकीचे साधन आहे. दुकानातील रोजचे लाखो व्यवहार साठवून क्षणात शोधून काढण्यासाठी डेटाबेसच हवा. खतावणी डेटाबेसमध्ये ठेवावी आणि पेठेत जाणारी चिठ्ठी एक्सएमएलमध्ये लिहावी, असे साधारण समजा.

हे चालते कोठे?

एवढा वेळ ऐकून एखादा विद्यार्थी विचारील, हे सर्व पुस्तकी तर नाही ना? त्याने आपल्या आसपास पाहावे.

१९९८ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात चार्ल्स हॉफमन नावाचे एक हिशेबतपासनीस होते. नव्याने आलेले एक्सएमएल पाहून त्यांच्या मनात आले, की कंपन्यांचे ताळेबंद या पद्धतीने लिहिले तर तुलना किती सोपी होईल. त्यातून एक्सबीआरएल हे प्रमाण जन्मास आले. ही कल्पना कॉम्प्युटरच्या शास्त्रज्ञाने मांडली नाही, ती एका हिशेबनिसाने मांडली, हे वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी लक्षात ठेवावे. भारतात कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने २०१०-११ या आर्थिक वर्षापासून ठरावीक वर्गातील कंपन्यांना आपले वार्षिक हिशेब एक्सबीआरएलमध्ये सादर करणे बंधनकारक केले.

बँकांकडे पाहा. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१३ रोजी नवी आरटीजीएस पद्धत सुरू केली, ती आयएसओ २००२२ या प्रमाणानुसार एक्सएमएल संदेशांवर चालणारी होती. २०१६ साली यूपीआय आले. चहाच्या टपरीवर कोड स्कॅन करून तुम्ही दहा रुपये देता, तेव्हा बँकाबँकांमध्ये जाणारे संदेश कसे असावेत हे ठरवताना त्याच्या तांत्रिक नियमावलीतही एक्सएमएलच वापरले गेले. आपल्या वाणिज्य शाखेतील मुले-मुली जे टॅली शिकतात, त्यातही माहिती आत घेण्याची आणि बाहेर देण्याची सोय एक्सएमएलमधून आहे.

आपल्यातील कितीतरी घरांचा चरितार्थ आखाती देशांतील नोकरीवर चालतो. सौदी अरेबियाने ४ डिसेंबर २०२१ पासून व्यापाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक बिले बंधनकारक केली, आणि १ जानेवारी २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने सरकारी यंत्रणेशी जोडावयास सुरुवात केली. या दुसऱ्या टप्प्यातील बिल यूबीएल नावाच्या प्रमाणानुसार एक्सएमएलमध्ये असावे लागते. पीडीएफ पाठवायची तर तिच्या पोटात एक्सएमएल घालावे लागते. जर्मनीनेही १ जानेवारी २०२५ पासून देशांतर्गत व्यापारात यंत्राला वाचता येतील अशी बिले स्वीकारण्याची तयारी व्यावसायिकांवर बंधनकारक केली. नुसती पीडीएफ तेथे इलेक्ट्रॉनिक बिल मानली जात नाही. म्हणजे जो तरुण जेद्दा किंवा रियाधला हिशेबाच्या कामावर जाऊ इच्छितो, त्याच्या उपजीविकेशी या विषयाचा थेट संबंध आहे.

एका बाबतीत तुमची दिशाभूल होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. एक्सएमएल हे एकमेव साधन नाही. जेसन नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात टॅग दोनदा लिहावे लागत नाहीत, फाईल लहान होते, आणि मोबाइल व वेबसाइटच्या कामात ती सोयीची पडते. २०१७ साली आलेल्या जीएसटीची विवरणे जेसनमध्ये जातात. १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेली आपली ई-इनव्हॉइस पद्धतही जेसनवर आहे. ती १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांना लागू झाली. आयकराची विवरणे पूर्वी एक्सएमएलमध्ये जात, ती २०२१-२२ या कर-निर्धारण वर्षापासून जेसनकडे वळली. म्हणून एखाद्या फाईलच्या नावावर जीव लावू नका. आकड्याला नाव द्यावे, एकक द्यावे, आणि देणाऱ्या-घेणाऱ्याने आधी करार करावा, हे तत्त्व दोन्हींकडे एकच आहे. एक पद्धत नीट शिकलेल्याला दुसरी आठवड्याभरात येते.

नावाचा प्रश्न

आता मी अशा मुद्द्याकडे येतो, जो या सभेतील प्रत्येक घराचा आहे.

बिलातील आकड्याला जशी जागा हवी तशी माणसाच्या नावालाही हवी. आपल्यात ‘शेख’ कोणी पुढे लावतो, कोणी मागे. ‘अब्दुल’ आणि ‘रहमान’ हे दोन शब्द मिळून एकच नाव होते. पण फॉर्म भरणारा दोन शब्दांमध्ये मोकळी जागा पाहतो, ‘अब्दुल’ला मुलाचे नाव ठरवतो आणि ‘रहमान’ला बापाच्या रकान्यात ढकलतो. कोणाच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’ पूर्ण असते, आधार कार्डावर ‘मो.’ असते आणि बँकेच्या पासबुकात तिसरेच स्पेलिंग असते. आडनाव लावण्याची रीतच ज्या घरात नाही, त्यांना आडनावाचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मग तेथे नुसते टिंब दिले जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. मुलाला वाटते आपल्यावर अन्याय झाला, आणि कारकून म्हणतो कॉम्प्युटर घेत नाही. कॉम्प्युटर बिचारा अक्षरे जुळवतो. तीन कागदांवरील माणूस एकच आहे हे त्याला कसे कळावे?

परदेशातून येणाऱ्या पैशाचेही असेच आहे. देशोदेशींच्या बँकांचे संदेश वाहणाऱ्या स्विफ्टच्या जुन्या पद्धतीत पैसे घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता यांसाठी ३५ अक्षरांच्या चार ओळी असत. नाव कोठे संपले आणि गाव कोठे सुरू झाले, हे यंत्राला समजत नसे. निर्बंध घातलेल्या व्यक्तींच्या यादीशी बँका ही अक्षरे ताडून पाहतात. एकाच नावाची हजारो माणसे ज्या समाजात आहेत, त्याला अशा तपासणीचा त्रास अधिक व्हावा हे उघड आहे. मार्च २०२३ पासून स्विफ्टने बँकाबँकांमधील असे संदेश आयएसओ २००२२ च्या एक्सएमएलमध्ये नेण्यास प्रारंभ केला आणि दोन्ही पद्धती बरोबरीने चालवण्याची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. नव्या संदेशात नाव, गाव, देश यांना स्वतंत्र घरे आहेत. ती नीट भरली, तर निरपराध माणसाची रक्कम केवळ नामसाधर्म्यामुळे अडकण्याचा संभव कमी होतो. टॅगच्या त्या कंसांवर कोणाच्या तरी आईचे औषध आणि बहिणीची फी अवलंबून असते, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

येथे एक्सएमएलची मर्यादाही ओळखली पाहिजे. फाईल नियमाने लिहिलेली आहे काय, हे यंत्र सांगेल. ती करारनाम्याला धरून आहे काय, हेही सांगेल. ती खरी आहे काय, हे मात्र यंत्र सांगू शकत नाही. २६० मीटरऐवजी २०६ मीटर लिहिले तरी टॅग बरोबरच राहतात. खोट्या बिलाचे टॅगही अगदी शुद्ध असू शकतात. आकडा खरा असणे ही लिहिणाऱ्याची अमानत आहे आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरवर सोपवता येत नाही.

तसेच, चौकट आकाशातून पडत नाही. ती माणसे आखतात. नावासाठी तीनच घरे ठेवावीत, आडनाव बंधनकारक करावे, हा निर्णय कोठल्या तरी बैठकीत कोणीतरी घेतलेला असतो. त्या माणसाच्या मनात वाईट हेतू असतोच असे नाही. आपल्या घरची पद्धत तीच सर्वांची, असे तो गृहीत धरतो. त्या बैठकीत ज्याच्या घरात वेगळी रीत आहे असा एखादा जाणकार असता, तर त्याने तेथेच हात वर केला असता. अर्ज परत आल्यावर खिडकीपाशी वाद घालण्यापेक्षा चौकट आखली जाताना आपली मुलगी किंवा मुलगा तेथे बसलेला असणे अधिक मोलाचे आहे. शिक्षणाचा उपयोग कशासाठी, असे कोणी विचारले तर मी हे उत्तर देईन.

काय करावे?

पालकांना माझी विनंती आहे. मुलाला प्रथम शाळेत घालाल त्या वेळी त्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम व स्पेलिंग घरात बसून ठरवा. कागदावर लिहून काढा. आणि जन्मदाखला, आधार व पुढे बँकेचे खाते यांवर अक्षरशः तेच ठेवा. संक्षेप टाळा. दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद पाहून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी घालावे लागणारे हेलपाटे आपणा सर्वांना ठाऊक आहेत.

विद्यार्थ्यांनी तीन प्रयोग करावेत. त्यांना पैसे पडत नाहीत. पहिला : वर्डमध्ये लिहिलेल्या एखाद्या नव्या फाईलची नक्कल करा, तिच्या नावातील शेवटचे ‘डॉक्स’ काढून ‘झिप’ लिहा आणि ती उघडा. आत एक्सएमएलच्या फाईली दिसतील. तुमचे पत्र त्यांतच बसलेले आढळेल. दुसरा : मी सांगितलेले बीजक नोटपॅडमध्ये उतरवा, यूटीएफ-८ प्रकाराने जतन करा आणि ब्राउजरमध्ये उघडा. मग एक बंद करणारा टॅग मुद्दाम खोडा आणि कोणत्या ओळीवर तक्रार येते ते वाचा. चुकीचा संदेश वाचावयास शिकणे हे अर्धे शिक्षण आहे. तिसरा : टॅलीमधून एखादे व्हाउचर एक्सएमएलमध्ये बाहेर काढा आणि जमा कोठे आहे, नावे कोठे आहे, ते स्वतः शोधा.

हे का करावयाचे? कारण एकाच्या कॉम्प्युटरमधील बिल पाहून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये टाईप करण्याचे काम कमी कमी होत जाणार आहे. यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, की मधल्या नकलनविसाची गरज संपते. आपल्यातील कितीतरी तरुण-तरुणी आज त्याच कामाच्या आशेवर कोर्स करीत आहेत, ही मला खरोखरीची चिंता वाटते. पण दोन यंत्रांमध्ये करार काय असावा, कोठल्या घरात काय भरावे, नामंजूर झालेली फाईल कशामुळे परत आली, हे सांगणारा माणूस लागणारच. त्याला हिशेबही कळला पाहिजे आणि टॅगही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याकडे यातील पहिली विद्या असतेच. दुसरी त्याने एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळवावी. आमच्या भगिनींना तर हे काम घरी बसूनही करता येण्याजोगे आहे.

संस्थेनेही आपल्या वाणिज्य वर्गात आठवड्यातून एक तास यासाठी राखून ठेवावा, अशी सूचना मी अध्यक्षसाहेबांसमोर नम्रपणे ठेवतो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. असलेले कॉम्प्युटर आणि शिकवण्याची हौस असलेला एक शिक्षक पुरेसा आहे.